ऑर्व्हल फॉबस : सहा वेळा निवडून आलेले गव्हर्नर, ज्यांनी नऊ मुलांना अडवायला सैनिक उभे केले

४ सप्टेंबर १९५७. अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्याची राजधानी, लिटल रॉक.

१५ वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड घरी शिवलेला नवा ड्रेस घालून, वह्या छातीशी धरून एकटीच शाळेकडे निघाली होती. शाळेचं नाव सेंट्रल हायस्कूल. तिथे सुमारे दोन हजार विद्यार्थी शिकत होते आणि सगळे गोरे होते. एलिझाबेथ कृष्णवर्णीय होती. शाळेसमोर रायफली घेतलेले जवान उभे होते. त्यांनी गोऱ्या मुलांना आत सोडलं आणि तिला अडवलं. ती मागे वळली तेव्हा चिडलेला जमाव तिच्या पाठी लागला. त्या क्षणांचे फोटो जगभरच्या पेपरांत छापून आले.

हे जवान तिथे उभे केले होते राज्याचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी.

आज फॉबस यांचं नाव निघतं ते याच घटनेमुळे. त्यामुळे ते पहिल्यापासूनच कट्टर वर्णद्वेषी असणार, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात त्यांचे वडील समाजवादी होते आणि फॉबस स्वतः राज्यातले बऱ्यापैकी उदारमतवादी नेते मानले जायचे. मग असं काय झालं?

थोडक्यात ओळख

- पूर्ण नाव : ऑर्व्हल युजीन फॉबस
- जन्म : ७ जानेवारी १९१०, मॅडिसन काउंटी, आर्कन्सॉ
- पक्ष : डेमोक्रॅटिक
- गव्हर्नर : जानेवारी १९५५ ते जानेवारी १९६७, सलग सहा टर्म
- मृत्यू : १४ डिसेंबर १९९४

नावातच समाजवाद होता

आर्कन्सॉच्या वायव्येला ओझार्क नावाचा डोंगराळ भाग आहे. फॉबस यांचा जन्म तिथल्या एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. वडील सॅम फॉबस पक्के समाजवादी. त्या काळचे अमेरिकेतले सगळ्यात मोठे समाजवादी नेते होते युजीन डेब्ज. त्यांच्यावरूनच सॅम यांनी मुलाचं मधलं नाव 'युजीन' ठेवलं.

या डोंगराळ भागात कृष्णवर्णीय वस्ती जवळपास नव्हतीच. राज्याच्या पूर्वेला मिसिसिपी नदीच्या सपाट खोऱ्यात मात्र कापसाची मोठमोठी शेतं होती. गुलामगिरीच्या काळापासून तिथे कृष्णवर्णीय लोक मोठ्या संख्येनं राहत होते. त्यामुळे वर्णभेदाचा मुद्दा पूर्वेकडे जितका तापलेला असायचा, तितका फॉबस यांच्या गावाकडे नव्हता.

फॉबस यांनी तरुणपणी खेड्यातल्या शाळांमध्ये शिकवलं, शेतात मजुरीही केली. १९३५ मध्ये ते काही काळ कॉमनवेल्थ कॉलेजमध्ये होते. हे कॉलेज डाव्या विचारांचं आणि कामगार चळवळीशी जोडलेलं होतं. पुढे ते काउंटीचे सर्किट क्लार्क म्हणून निवडून आले. दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढले आणि मेजर या हुद्द्यापर्यंत पोहोचले. युद्धानंतर हंट्सव्हिल गावात पोस्टमास्तर झाले आणि तिथलं एक साप्ताहिकही विकत घेतलं.

राज्याच्या राजकारणात त्यांना आणलं गव्हर्नर सिड मॅकमॅथ यांनी. मॅकमॅथ सुधारणावादी होते. त्यांनी फॉबस यांना आधी राज्याच्या महामार्ग आयोगावर घेतलं आणि नंतर आपल्या कार्यालयात. रस्त्यांच्या कामामुळे फॉबस यांच्या राज्यभर ओळखी झाल्या.

गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राज्यपाल नाहीत

इथे दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

पहिली म्हणजे, अमेरिकेतला गव्हर्नर थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो आणि तोच सरकार चालवतो. म्हणजे त्याचं काम आपल्या मुख्यमंत्र्यांच्या जवळ जाणारं आहे. राज्याचं नॅशनल गार्ड हे दलही त्याच्या हुकमाखाली असतं. आर्कन्सॉत तेव्हा गव्हर्नरची टर्म फक्त दोन वर्षांची होती. त्यामुळे एक निवडणूक संपते न संपते तोच दुसरीची तयारी सुरू व्हायची.

दुसरी गोष्ट म्हणजे, 'दक्षिण' या शब्दाला अमेरिकेत राजकीय अर्थ आहे. १८६१ मध्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी जी राज्यं देशातून फुटून निघाली, त्यात आर्कन्सॉ होतं. यादवी युद्धात ही राज्यं हरली, गुलामगिरी संपली. पण नंतरच्या काळात तिथे कृष्णवर्णीयांसाठी शाळा, बस, हॉटेलं, पाण्याचे नळ असं सगळं वेगळं करण्यात आलं. आर्कन्सॉत मतदानासाठी 'पोल टॅक्स' नावाचा कर भरावा लागायचा, त्यामुळे गरिबांपैकी अनेक जण मतदानापासून लांबच राहायचे.

या राज्यांमध्ये रिपब्लिकन पक्ष तेव्हा नावापुरताच होता. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी जी प्रायमरी व्हायची, तीच खरी निवडणूक. प्रायमरी जिंकली की गव्हर्नरची खुर्ची जवळपास पक्की.

१९५४ : कॉलेजचा वाद अंगावर आला आणि उलटला

१९५४ मध्ये फॉबस यांनी विद्यमान गव्हर्नर फ्रान्सिस चेरी यांच्याविरोधात प्रायमरी लढवायचं ठरवलं. त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. पण पहिल्या फेरीत चेरी यांना निम्मी मतं मिळाली नाहीत आणि फॉबस यांच्याशी त्यांची पुन्हा लढत लागली.

मग चेरी यांच्या गोटातून कॉमनवेल्थ कॉलेजचं प्रकरण बाहेर काढण्यात आलं. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्टांच्या नावानं संशयाचं वातावरण होतं. नुसता शिक्का बसला तरी माणसाचं करिअर संपायचं. फॉबस यांनी आधी संबंध नाकारला. नंतर आपण तिथे गेलो होतो हे कबूल केलं, पण तिथले विचार कळल्यावर लगेच बाहेर पडलो, अशी बाजू मांडली. प्रत्यक्षात ते तिथे काही काळ होते आणि विद्यार्थ्यांनी त्यांना अध्यक्ष म्हणून निवडलंही होतं.

हा हल्ला चेरी यांच्यावरच उलटला. डोंगरातल्या एका गरीब पोराला मुद्दाम बदनाम केलं जातंय, अशी मतदारांची भावना झाली. फॉबस काही हजार मतांच्या फरकानं प्रायमरी जिंकले आणि १९५५ च्या जानेवारीत गव्हर्नर झाले.

सुरुवातीचे फॉबस कसे होते?

ते निवडून आले त्याच वर्षी, १७ मे १९५४ ला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 'ब्राऊन' खटल्याचा निकाल दिला होता. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांसाठी वेगळ्या सरकारी शाळा ठेवणं घटनाबाह्य आहे, असं कोर्टानं म्हटलं.

दक्षिणेतल्या अनेक राज्यांत या निकालावरून आगडोंब उसळला. आर्कन्सॉत मात्र चार्ल्सटन आणि फेएटव्हिल या गावांनी त्याच वर्षी आपल्या शाळा एकत्र करायला सुरुवात केली. १९५५ मध्ये हॉक्सी गावात शाळा एकत्र झाल्या तेव्हा बाहेरच्या संघटनांनी विरोध पेटवला. फॉबस यांनी त्यात हात घातला नाही. हा स्थानिक शाळा मंडळांचा प्रश्न आहे, ही त्यांची भूमिका होती.

राज्यात कारखाने आणण्यासाठी त्यांनी औद्योगिक विकास आयोग सुरू केला आणि त्याच्या प्रमुखपदी विन्थ्रॉप रॉकफेलर यांना बसवलं. हे प्रसिद्ध उद्योगपती घराण्यातले आणि रिपब्लिकन. मतिमंद मुलांसाठी राज्यात पहिल्यांदाच स्वतंत्र संस्था उभी राहिली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या राज्य समितीवर कृष्णवर्णीय सदस्यांना पहिल्यांदा जागा मिळाली तीही फॉबस यांच्याच काळात.

मग गणित बदललं

१९५६ च्या प्रायमरीत जिम जॉन्सन नावाचा कट्टर नेता फॉबस यांच्यासमोर उभा राहिला. शाळा एकत्र होऊ द्यायच्या नाहीत, हा त्याचा एकमेव मुद्दा. फॉबस आरामात जिंकले, पण जॉन्सन यांच्या सभांना होणारी गर्दी त्यांनी पाहिली होती.

१९५७ च्या सुरुवातीला त्यांना शिक्षकांचे पगार वाढवायचे होते. त्यासाठी विक्रीकर २ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर न्यायचा होता. विधिमंडळात पूर्वेकडच्या कापूसपट्ट्यातल्या आमदारांच्या मतांशिवाय ते जमणार नव्हतं. त्याच अधिवेशनात वेगळ्या शाळा टिकवण्यासाठीची चार विधेयकंही मंजूर झाली आणि फॉबस यांनी त्यांवर सही केली. करवाढ झाली, पगारही वाढले. पण ज्यांची मदत घेतली होती, त्यांचा शब्द आता मोडता येणार नव्हता.

शिवाय फॉबस यांना तिसरी टर्म हवी होती. कायद्यानं बंदी नव्हती, पण दोन टर्मनंतर गव्हर्नरनं बाजूला व्हायचं हा राज्यातला रिवाज होता. तो मोडायचा तर नुसती चांगली कामं पुरणार नव्हती.

लिटल रॉकमध्ये नेमकं काय झालं?

लिटल रॉकच्या शाळा मंडळाची योजना खरं तर अगदीच जपून केलेली होती. सप्टेंबर १९५७ मध्ये फक्त एका शाळेत, सेंट्रल हायस्कूलमध्ये, निवडक कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळणार होता. शेवटी नऊ जण उरले. त्यांच्या पाठीशी डेझी बेट्स होत्या. त्या 'एनएएसीपी' या नागरी हक्क संघटनेच्या राज्य अध्यक्ष होत्या आणि पतीसोबत एक पेपर चालवत होत्या.

ऑगस्टमध्ये इतर दक्षिणी राज्यांतल्या कट्टर नेत्यांनी दबाव वाढवला. जॉर्जियाचे गव्हर्नर मार्विन ग्रिफिन लिटल रॉकमध्ये येऊन भाषण करून गेले. तुम्ही गप्प का, असा प्रश्न फॉबस यांना विचारला जाऊ लागला.

२ सप्टेंबरच्या रात्री फॉबस टीव्हीवर आले. शहरात हिंसाचार होण्याची भीती आहे, त्यामुळे शांतता राखण्यासाठी नॅशनल गार्ड तैनात करतोय, असं त्यांनी सांगितलं. पण शांतता बिघडवणाऱ्या जमावाला अडवण्याऐवजी जवानांनी नऊ मुलांना अडवलं. हिंसाचाराचा जो दावा केला जात होता, त्याला एफबीआयच्या चौकशीत आधार सापडला नाही.

राज्याच्या गव्हर्नरनं सशस्त्र दल वापरून कोर्टाच्या आदेशाची अंमलबजावणी रोखली होती. यादवी युद्धानंतरच्या अमेरिकेतला हा केंद्र आणि राज्य यांच्यातला सगळ्यात मोठा पेच मानला जातो.

१४ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी फॉबस यांना भेटायला बोलावलं. आयझेनहॉवर स्वतः शाळा एकत्र करण्याबद्दल फार उत्साही नव्हते. त्यांना हे प्रकरण गाजावाजा न करता मिटवायचं होतं. जवान तिथेच ठेवा, फक्त मुलांना आत सोडण्याचा हुकूम द्या, असा मार्ग त्यांनी सुचवला. फॉबस तयार झालेत असं समजून आयझेनहॉवर निर्धास्त झाले. फॉबस परत आले आणि त्यांनी काहीच बदललं नाही.

२० सप्टेंबरला फेडरल कोर्टानं आदेश दिल्यावर फॉबस यांनी गार्ड काढून घेतलं, पण मुलांच्या संरक्षणाची सोय न करताच. २३ सप्टेंबरला नऊ मुलं बाजूच्या दारानं आत गेली. बाहेर जमाव वाढत गेला, पत्रकारांना मारहाण झाली आणि पोलिसांना दुपारच्या आत मुलांना बाहेर काढावं लागलं.

शहराचे महापौर वूड्रो मॅन यांनी आयझेनहॉवर यांच्याकडे सैन्याची मागणी केली. २४ सप्टेंबरला लष्कराच्या १०१ एअरबोर्न डिव्हिजनचे हजारभर सैनिक लिटल रॉकला पोहोचले. आर्कन्सॉचं संपूर्ण नॅशनल गार्डही केंद्रानं आपल्या ताब्यात घेतलं. फॉबस यांच्या हातात आता एकही जवान उरला नाही. दुसऱ्या दिवशी सैनिकांच्या पहाऱ्यात नऊ मुलं पुढच्या दारानं वर्गात गेली.

आत गेल्यावरही त्यांचे हाल संपले नाहीत. ढकलणं, थुंकणं, शिवीगाळ हे वर्षभर चालू राहिलं. नऊपैकी मिनीजीन ब्राऊन हिला उलट उत्तर दिल्यावरून शाळेतून काढण्यात आलं. अर्नेस्ट ग्रीन मात्र मे १९५८ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. सेंट्रल हायस्कूलमधून पदवी घेणारा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. त्या समारंभाला मार्टिन ल्यूथर किंग हजर होते.

फॉबस हरले, पण निवडणूक जिंकले

कोर्टात आणि वॉशिंग्टनसमोर फॉबस यांची हार झाली होती. मतदारांमध्ये मात्र ते हीरो झाले. १९५८ च्या प्रायमरीत त्यांना दोन तृतीयांशांहून जास्त मतं पडली. त्या वर्षीच्या गॅलप पोलमध्ये अमेरिकन लोकांना सर्वाधिक आदर वाटणाऱ्या पहिल्या दहा पुरुषांत त्यांचं नाव आलं.

शाळाच बंद केल्या

१२ सप्टेंबर १९५८ ला सुप्रीम कोर्टानं 'कूपर विरुद्ध ॲरन' खटल्यात स्पष्ट केलं की, विरोध होतोय म्हणून शाळा एकत्र करणं लांबवता येणार नाही आणि राज्य सरकारांना कोर्टाचा निकाल पाळावाच लागेल. त्याच दिवशी फॉबस यांनी नव्या कायद्यांवर सही करून लिटल रॉकची चारही सरकारी हायस्कूलं बंद करण्याचा आदेश काढला. नंतर मतदान घेतलं गेलं, त्यातही शाळा एकत्र करण्याविरोधात १९,४७० आणि बाजूनं ७,५६१ मतं पडली.

हे वर्ष लिटल रॉकमध्ये 'हरवलेलं वर्ष' म्हणून ओळखलं जातं. साडेतीन हजारांहून जास्त मुलांचे वर्ग बंद झाले. शिक्षकांचे करार चालू होते, त्यामुळे ते रोज येऊन रिकाम्या वर्गांत बसायचे. फुटबॉलचे सामने मात्र सुरू होते.

गोऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांची सोय नव्या खासगी शाळेत किंवा परगावी नातेवाइकांकडे झाली. कृष्णवर्णीय मुलांना हे पर्याय फारसे नव्हते. त्यातल्या अनेकांचं शिक्षण त्या वर्षी थांबलं आणि काहींचं पुन्हा सुरूच झालं नाही.

या परिस्थितीविरोधात पहिली संघटित फळी उभी केली ती गोऱ्या मध्यमवर्गीय बायकांनी. ॲडॉल्फिन टेरी यांच्या पुढाकारानं त्यांनी शाळा उघडण्यासाठी समिती स्थापन केली. मे १९५९ मध्ये शाळा मंडळाच्या कट्टर सदस्यांनी ४४ शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना काढायचा निर्णय घेतला, तेव्हा शहरातले व्यापारीही हलले. नव्या उद्योगांनी पाठ फिरवल्याचा फटका त्यांना बसतच होता. मतदान होऊन तीन कट्टर सदस्य पायउतार झाले. पुढच्या महिन्यात फेडरल कोर्टानं शाळा बंद करण्याचा कायदा रद्द केला आणि ऑगस्टमध्ये हायस्कूलं उघडली.

बाप लेकाच्या विरोधात

सॅम फॉबस यांना मुलाचं हे राजकारण पटलं नव्हतं. 'आर्कन्सॉ गॅझेट' हा पेपर फॉबस यांच्यावर कडाडून टीका करायचा. या भूमिकेसाठी त्याला १९५८ मध्ये दोन पुलित्झर पुरस्कार मिळाले. त्याच पेपरात सॅम टोपणनावानं पत्रं लिहून मुलाच्या कारभारावर टीका करायचे.

कलाकारही गप्प बसले नाहीत. जॅझचे दिग्गज लुई आर्मस्ट्राँग यांनी सरकारतर्फे होणारा सोव्हिएत युनियनचा दौरा रद्द केला. चार्ल्स मिंगस यांनी फॉबस यांची खिल्ली उडवणारी 'फेबल्स ऑफ फॉबस' ही रचना केली. १९५९ मध्ये ती शब्दांशिवाय आली, शब्दांसह रेकॉर्ड दुसऱ्या कंपनीकडून नंतर निघाली.

उतरता काळ

फॉबस १९६०, १९६२ आणि १९६४ मध्येही निवडून आले. १९६४ ला त्यांनी ज्यांना हरवलं ते होते विन्थ्रॉप रॉकफेलर, ज्यांना त्यांनीच उद्योग आयोगावर आणलं होतं. १९६६ मध्ये फॉबस उभे राहिले नाहीत. तेव्हा रॉकफेलर जिंकले आणि त्यांनी हरवलं जिम जॉन्सन यांना.

तोपर्यंत आर्कन्सॉतला पोल टॅक्स गेला होता. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानं दक्षिणेत कृष्णवर्णीय मतदारांची संख्या वाढली होती. फॉबस यांनी १९७०, १९७४ आणि १९८६ मध्ये पुन्हा प्रयत्न केला. तिन्ही वेळा प्रायमरीतच हरले. हरवणारे होते डेल बम्पर्स, डेव्हिड प्रायर आणि बिल क्लिंटन, म्हणजे नव्या पिढीचे मवाळ डेमोक्रॅट. सहा वेळा गव्हर्नर राहिलेल्या या माणसानं मधल्या काळात आपल्या गावच्या बँकेत टेलरची नोकरीही केली.

आपण रक्तपात टाळण्यासाठी गार्ड बोलावलं होतं, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं. माफी मागितली नाही.

आज त्यांच्याकडे कसं पाहिलं जातं?

फॉबस मनातून वर्णद्वेषी होते की फक्त संधिसाधू, यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे. बरेच जण दुसऱ्या बाजूला झुकतात. पण शाळेच्या दारातून परत पाठवलेल्या मुलांसाठी या दोन्हींत फारसा फरक नव्हता. फॉबस यांना पुढची निवडणूक जिंकून हवी होती, आणि त्याची किंमत त्या मुलांनी मोजली.

त्यांनी केलेली चांगली कामं पुसली गेलेली नाहीत. शिक्षकांचे पगार वाढले. ओझार्कमधल्या बफलो नदीवर धरण होऊ नये म्हणून १९६५ मध्ये त्यांनी भूमिका घेतली, पुढे ती नदी देशातली पहिली संरक्षित 'नॅशनल रिव्हर' ठरली. पण ही माहिती कुठल्याही लेखात खूप खाली येते.

सेंट्रल हायस्कूल आजही सुरू आहे आणि राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळही आहे. १९९७ मध्ये घटनेला ४० वर्षं झाली तेव्हा नऊही जण पुन्हा तिथे आले. त्यांच्यासाठी शाळेचं दार उघडून धरलं राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन आणि तेव्हाचे आर्कन्सॉचे गव्हर्नर माईक हकबी यांनी.

अमेरिकन संसदेच्या इमारतीत प्रत्येक राज्य आपल्या दोन व्यक्तींचे पुतळे ठेवू शकतं. आर्कन्सॉनं आपले जुने पुतळे बदलायचं ठरवलं आणि २०२४ मध्ये नवे बसवले. एक आहे गायक जॉनी कॅश यांचा. दुसरा डेझी बेट्स यांचा, ज्यांनी त्या नऊ मुलांना शाळेत पाठवलं होतं.